पोटावरच्या ताणरेघा : लेझरसाठी अठ्ठावीस हजार भरावेत का?

बोरीकाठ (अमळनेर) | ७ मे, रात्री १०:१५

सर्वांना नमस्कार. मी बरीच वर्षे येथे केवळ वाचत आले आहे. लिहिण्याची ही दुसरीच वेळ असल्याने काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

माझी दुसरी प्रसूती आठ महिन्यांपूर्वी झाली. पहिल्या खेपेला कमरेवर दोन-चार रेघा उमटल्या होत्या आणि त्या कधी पांढऱ्या पडल्या ते कळलेही नाही. या खेपेला मात्र नवव्या महिन्यात पंधरा दिवसांच्या आत बेंबीपासून ओटीपोटापर्यंत जांभळट रेघांचे जाळे पसरले. बोट फिरवले की त्या किंचित खोलगट लागतात आणि घाम आला की खाजतात.

आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) माहेरी आले असताना गेल्या आठवड्यात शहरातल्या एका सौंदर्यकेंद्रात चौकशी केली. तेथील बाईंनी उभ्या उभ्या पोट पाहिले आणि लेझरच्या सहा बैठकांचे अठ्ठावीस हजार रुपये सांगितले. आखाजीपर्यंत पैसे भरल्यास चार हजारांची सूट आहे आणि रेघा शंभर टक्के जातील, असे त्या म्हणाल्या. हे पैसे मी शिवणकामातून साठवलेले असल्यामुळे घरात कोणाची हरकत नाही, पण माझे मलाच धाडस होत नाही. लेझरने या रेघा खरोखर जातात का? दुसरे कोणते वैद्यकीय उपचार आहेत? बाळ अजून अंगावर पिते, तेव्हा आताच काही करावे की थांबावे?

केळीबाग_रावेर | ७ मे, रात्री १०:४१

ताई, आमच्याकडे केळीची साल आतल्या बाजूने पोटावर चोळण्याचा सल्ला फुकट मिळतो. रावेर तालुक्यात सालींची टंचाई कधीच नव्हती, तरीही त्यामुळे कोणाच्या रेघा गेल्याचे मी ऐकलेले नाही. साली गुरांना घातल्या तर निदान दूध तरी वाढते. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचायला बसलो आहे.

तापीकिनारा (चोपडा) | ८ मे, सकाळी ६:५०

बोरीकाठ, तू मला लेकीसारखी आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते. मला तीन मुले झाली आणि माझ्या पोटावर आजही पांढऱ्या रेघा आहेत. मी त्या न्हाणीघरात पाहून रडू लागले, तेव्हा माझी आजेसासू म्हणाली होती, "हाई तं माय व्हवानी खून शे." (ही तर आई झाल्याची खूण आहे.) त्यानंतर मी त्यांच्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. जी गोष्ट दुखत नाही, वाढत नाही आणि साडीखाली कोणाला दिसत नाही, तिच्यासाठी शिवणाच्या टाक्याटाक्याने जमवलेले अठ्ठावीस हजार का घालवायचे? हा आजार नव्हे, हे आधी कोणीतरी म्हणायला हवे होते, म्हणून मी म्हणते.

बोरीकाठ | ८ मे, दुपारी २:०५

अक्का, तुमच्या बोलण्याचा राग नाही. पण साडीखाली कोणाला दिसत नाही हे जितके खरे आहे, तितकेच मला रोज दिसते हेही खरे आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कमरेची मापे घेते आणि रात्री स्वतःच्या पोटावर नजर गेली की मन खट्टू होते. खूण असेल तर असो, ती थोडी पुसट करता येते का, एवढेच विचारते आहे.

भुसावळचे_ऊन | ८ मे, रात्री ९:३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पाहिल्याशिवाय निदान करणार नाही, परंतु या विषयावर लोकांचे बरेच पैसे वाया जाताना पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम रेघ म्हणजे काय ते सांगतो. बोरीकाठताई शिवणकाम करतात, त्यांना "विरणे" हा शब्द समजावून सांगायला नको. साडी फाटत नाही, पण एका जागी तिचे धागे ताणून विरळ होतात आणि तिथून उजेड दिसू लागतो. येथेही तसेच होते. त्वचेचा वरचा पापुद्रा शाबूत राहतो, मात्र खालच्या थरातील कोलॅजन व इलॅस्टिनचे तंतू तुटतात, विरळ होतात आणि पृष्ठभागाला समांतर आडवे पडतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत तेथे दाह असतो आणि रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून रेघ लाल किंवा जांभळी दिसते. पुढे रक्तवाहिन्या आक्रसतात, रंगद्रव्य कमी होते आणि रेघ पांढरी पडून चकाकते. थोडक्यात, हा आतून पडलेला व्रण आहे, आणि कोणताही व्रण "शंभर टक्के" जात नसतो. ज्या केंद्रात हे शब्द ऐकले, तेथे पैसे न भरण्यास एवढे कारण मला पुरेसे वाटते.

गर्भारपणात हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते. आईला किंवा बहिणीला रेघा असतील, गर्भारपणी वय कमी असेल, वजन झपाट्याने वाढले असेल किंवा बाळ मोठे असेल तर शक्यता वाढते. ताण हे एकटेच कारण नाही. संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो, म्हणूनच एकाच घरात एका जावेला रेघा येतात आणि दुसरीला येत नाहीत.

उपचारांत पहिला प्रश्न रेघेच्या रंगाचा असतो. जांभळ्या रेघेवर उपचारांचा उपयोग अधिक होतो, पांढरीवर कमी. ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व अ गटातील मलम ताज्या रेघांवर वापरतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ जणांना २४ आठवडे मलम लावायला दिले होते. ज्यांना ०.१ टक्का ट्रेटिनॉइन मिळाले त्यांच्या रेघांची लांबी सरासरी १४ टक्क्यांनी आणि रुंदी ८ टक्क्यांनी कमी झाली, तर औषधाविना नुसते मलम लावणाऱ्यांच्या रेघा लांबीला १० आणि रुंदीला २४ टक्क्यांनी वाढल्या. हे आकडे मुद्दाम दिले, कारण चांगल्या परिणामाचा अर्थ किती, ते त्यांतून कळते. मलमाने त्वचा लाल होते, सोलवटते आणि उन्हाला हळवी होते. गर्भारपणात ते वापरायचे नाही आणि बाळ अंगावर पीत असताना आम्ही सहसा देत नाही.

लेझर हे एकाच यंत्राचे नाव नाही. लाल रेघांसाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला लक्ष्य करतो, त्यामुळे लाली उतरते. दुसरा प्रकार फ्रॅक्शनल लेझरचा, ज्यात १५५० नॅनोमीटरचा एर्बियम ग्लास किंवा १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. आपल्याकडे ठरावीक अंतरावर सरकी टोबतात, तसे हे यंत्र त्वचेत बारीक बारीक जागी उष्णतेचे स्तंभ उतरवते आणि मधली त्वचा तशीच सोडते. त्या न दुखावलेल्या त्वचेतून जखम भरून येते आणि नवे कोलॅजन तयार होते. यामुळे रेघेची खोली व पोत सुधारतो, पण पांढरा रंग फारसा बदलत नाही. पांढऱ्या रेघेत रंग भरण्यासाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर वापरतात, परंतु तो रंग टिकवायला पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात.

आता आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १९७५ साली फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडलेल्या वर्गीकरणात उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे प्रकार ठरवतात आणि हल्ली सहा प्रकार मानतात. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात मोडतो. अशा सावळ्या त्वचेला उष्णतेची इजा झाली की ती काळी पडण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा त्या केंद्रात यंत्र कोणते, चालवणार कोण, पोटाच्या कोपऱ्यात छोट्या जागी आधी चाचणी करणार का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणाऱ्याने यंत्राचे नाव सांगण्याऐवजी सवलतीचा कागद पुढे केला, तर परत या.

मेहरुणची_बोरे (जळगाव) | ८ मे, रात्री ११:१२

डॉक्टरांनी शेवटी जो धोका सांगितला, तो माझ्या पोटावर उमटलेला आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी कार्बन डायऑक्साइड लेझरची एक बैठक घेतली. जागेचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही. चाचणी केली नव्हती. चौथ्या दिवशी खपल्या पडल्या आणि खाली ओळीने तपकिरी ठिपके राहिले, जणू कोणी तापलेली चाळणी पोटावर ठेवली होती. पुढचे सात महिने मला त्या रेघा दिसतच नव्हत्या, कारण ठिपकेच अधिक गडद होते. मी विचारायला गेले, तेव्हा "उन्हात फिरला असाल" असे उत्तर मिळाले. पोट उघडे टाकून जळगावच्या एप्रिलात कोण फिरते?

ठिपके हळूहळू गेले. रेघा आहेत तशाच आहेत, कदाचित काठ थोडे सपाट झाले असतील. उरलेल्या पाच बैठकांचे पैसे परत मिळाले नाहीत, म्हणून ताईंना इतकेच सांगते की सहा बैठकांचे पैसे एकदम भरू नका.

केळीबाग_रावेर | ९ मे, सकाळी ७:२०

रेघा घालवायला गेलेल्या बाईला वर ठिपके मिळाले, म्हणजे रांगोळीच पूर्ण झाली म्हणायची. मेहरुणताई, माफ करा, सकाळी सकाळी राहवले नाही.

मेहरुणची_बोरे | ९ मे, सकाळी ९:०२

माफ केले. माझ्या नवऱ्यानेही तेव्हा हाच विनोद केला होता, त्याला मात्र केले नव्हते.

सातपुडा_वैद्य (शहादा) | ९ मे, दुपारी ४:४५

या विकाराला आयुर्वेदात "किक्किस" असे नाव आहे आणि चरकसंहितेच्या शारीरस्थानात, गर्भिणीच्या सातव्या महिन्याच्या वर्णनात त्याचा उल्लेख येतो. तेथील एक गंमत सांगण्यासारखी आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस येतात म्हणून आईला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात, हे मत ग्रंथात नोंदवलेले आहे, आणि लगेच भगवान आत्रेयांनी, म्हणजे ग्रंथातल्या गुरूंनी, ते खोडूनही काढले आहे. गर्भाच्या दाबाने दोष वर सरकून दाह करतात, दाहातून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस उद्भवतो, असा तेथील क्रम आहे. म्हणून खाजवू नये, खाज असह्य झाल्यास हलके चोळावे, मधुर औषधांनी सिद्ध केलेले लोणी घ्यावे आणि चंदन व कमळाच्या देठाचा लेप लावावा, असे सांगितले आहे. "गर्भाच्या केसांमुळे खाज येते" हे मी आजही शहाद्याच्या बाजारात ऐकतो. आत्रेयांचे कोणी ऐकले नाही, तर माझे कोण ऐकणार?

तेलाबद्दल माझा अनुभव असा की तिळाच्या तेलाने त्वचा मऊ राहते आणि खाज निश्चित कमी होते. मात्र तेल लावल्याने रेघा पडल्याच नाहीत, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण नियमित अभ्यंग करूनही रेघा आलेल्या गर्भिणी मी पाहिल्या आहेत.

भुसावळचे_ऊन | ९ मे, रात्री १०:००

वैद्यबुवांचा प्रामाणिकपणा आवडला. त्यांच्या अनुभवाला आधारही आहे. गर्भारपणात रेघा पडू नयेत म्हणून लावायच्या मलमांचा आणि तेलांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात सहा चाचण्यांतील ८०० स्त्रियांची माहिती तपासली गेली आणि यांपैकी कोणत्याही लेपाच्या बाजूने दर्जेदार पुरावा आढळला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल यांवरही स्वतंत्र चाचण्या झाल्या, त्यांतही फायदा दिसला नाही. खाजेसाठी तेल जरूर लावा, पण "ताणरेघा प्रतिबंधक" असे छापलेल्या बाटलीला चौपट किंमत देऊ नका.

गिरणापाट (पाचोरा) | ९ मे, रात्री ११:३८

विषय प्रसूतीचा आहे हे समजते, तरी माझा प्रश्न येथेच लिहितो, कारण इतरत्र लिहायची लाज वाटते. मी पुरुष आहे, वय चौतीस, सडपातळ आहे, वजन कधीच वाढले नाही. मागच्या पावसाळ्यात दोन्ही जांघांत गजकर्ण झाले. गावातल्या औषधाच्या दुकानातून एक मलम आणले, दोन दिवसांत खाज थांबली. बंद केले की पुन्हा यायचे, म्हणून पाच महिने लावत राहिलो. आता गजकर्ण तर आहेच, शिवाय मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद लालभडक चिरा पडल्या आहेत. याच त्या रेघा आहेत का?

औषधी_शिरपूर | १० मे, सकाळी ८:१५

गिरणाभाऊ, मी स्वतः औषधविक्रेता आहे, त्यामुळे लाज वाटायची तर मला वाटली पाहिजे. तुमच्या मलमाच्या नळीवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. त्यात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन असे काही नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते ती त्याच्यामुळे, आणि बुरशी आत फोफावते तीही त्याच्यामुळे. गिऱ्हाईक नळीचे नाव घेऊनच येते, दुकानदार देतो आणि दोघेही खूश असतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे परिशिष्ट एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. नियम झाला, पण काउंटरवर किती पाळला जातो ते तुमच्या मांड्या सांगतात. मी चिठ्ठी मागतो, तेव्हा लोक समोरच्या दुकानात जातात, हेही खरे आहे.

भुसावळचे_ऊन | १० मे, दुपारी १:२०

गिरणापाट, बहुधा याच त्या रेघा आहेत. जांघेतली त्वचा पातळ असते आणि तेथे घाम व घडी यांमुळे औषध कितीतरी अधिक शोषले जाते. स्टिरॉइडमुळे कोलॅजन तयार होणे मंदावते आणि मग कसलाही मोठा ताण नसताना त्वचा विरते. मलम बंद करा, गजकर्णाचा योग्य उपचार पूर्ण करा, घरातल्या इतरांना खाज असेल तर त्यांनाही दाखवून घ्या. रेघांचा लाल रंग ओसरेल, खुणा मात्र राहतील. लेझरचा विचार बुरशी पूर्ण गेल्याशिवाय करायचाच नाही. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, तेथे खर्चही फार येणार नाही. आणि तेथे रोज असे वीस जण येतात, तेव्हा लाज घरी ठेवून जा.

पाटणादेवी (चाळीसगाव) | १० मे, रात्री ९:५५

मी परिचारिका आहे. स्टिरॉइडचा विषय निघालाच आहे, तर घरातले एक उदाहरण सांगते. माझ्या चुलत सासूबाई गुडघेदुखीसाठी कोणाकडून तरी पुड्या आणून वर्षभर घेत होत्या. दुखणे पहिल्याच आठवड्यात पळाले, म्हणून गावातल्या आणखी चौघींनी त्या सुरू केल्या. वर्षाच्या शेवटी त्यांचा चेहरा गोल झाला, हातपाय मात्र काटकुळे, कुठे थोडे आपटले तरी निळे डाग, आणि पोटावर व दंडावर जांभळ्या रुंद रेघा. साठाव्या वर्षी, मूलबाळ होण्याचा प्रश्न नसताना! सासूबाई त्या रेघांना उष्णता समजून सब्जाचे पाणी पीत होत्या. तपासणीत साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले निघाले. पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले, आणि त्यांनी पुड्या एकदम तोडू न देता योग्य औषधावर आणून हळूहळू मात्रा कमी केली, कारण शरीराला सवय झाल्यावर ते अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

तेव्हा कारण नसताना रुंद जांभळ्या रेघा उमटल्या, तर सौंदर्यकेंद्रात न जाता आधी डॉक्टरांकडे जावे. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढल्याने होणारा कुशिंग नावाचा विकारही असाच दिसतो.

केळीबाग_रावेर | १० मे, रात्री १०:२०

आता मस्करी बाजूला ठेवून विचारतो. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे, वर्षभर व्यायामशाळेत जातो आहे आणि त्याच्या खांद्यापासून काखेपर्यंत अशाच लाल रेघा आहेत. तो त्या अभिमानाने दाखवतो आणि "स्नायू वाढल्याची खूण" म्हणतो. पाटणाताईंचे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

पाटणादेवी | १० मे, रात्री १०:३१

भाऊ, झपाट्याने स्नायू वाढले की खांद्यावर अशा रेघा येतात, आणि वाढीच्या वयात मुलांच्या कमरेवर आडव्या, मुलींच्या मांड्यांवरही येतात. पण तो व्यायामशाळेतून कोणती इंजेक्शने किंवा गोळ्या घेतो का, एवढे गोडीगुलाबीने विचारून घ्या. डबा कोणता आहे तो स्वतः उघडून पाहा.

खानदेशी_पुण्यात | ११ मे, सकाळी ११:१०

मी मूळची नंदुरबारची. पांढऱ्या झालेल्या रेघांवर मी मायक्रोनीडलिंग करून घेतले, म्हणून तो अनुभव लिहिते. बधिर करणारे मलम पाऊण तास लावून ठेवतात, नंतर बारीक सुयांचे यंत्र फिरवतात. सुया दोन मिलिमीटरच्या आसपास आत जातात, रक्ताचे टिपके येतात, आणि घरी येईपर्यंत पोट मिरची चोळल्यासारखे तापते. दोन दिवसांत लाली उतरली. चार-चार आठवड्यांच्या अंतराने चार बैठका झाल्या, प्रत्येकीचे साडेतीन हजार दिले. सहा महिन्यांनी रेघा बोटाला कमी लागू लागल्या, डोळ्यांना थोड्या कमी दिसू लागल्या. माझ्या अंदाजाने तिसरा हिस्सा फरक पडला असेल. बहिणीला विचारले तर ती म्हणते, "कुठे काय?"

माझ्या डॉक्टरांनी हा उपचार निवडण्याचे कारण असे दिले की यात उष्णता नसल्यामुळे सावळ्या त्वचेला काळे पडण्याचा धोका लेझरपेक्षा कमी असतो. जखम झाल्यावर व्रण फुगण्याची, म्हणजे केलॉइडची सवय असलेल्यांना मात्र ते सुया लावत नाहीत. स्वतःचेच रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्यातील प्लेटलेट्सचा भाग टोचण्याचा पीआरपी हा जोडउपचारही सुचवला गेला होता. त्याबद्दलचे अभ्यास लहान आहेत, असे त्यांनीच सांगितले, म्हणून मी नको म्हटले.

आणि कृपा करून ऑनलाइन मिळणारी सुयांची रोलरे घरी वापरू नका. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तीच रोलर तीन महिने वापरली आणि मांडीवर पुवाचे फोड घेऊन दवाखान्यात गेली.

संपादक | ११ मे, दुपारी १२:००

एका नव्या सदस्याने येथे क्रीमची जाहिरात दूरध्वनी क्रमांकासह टाकली होती, ती काढून टाकली आहे. विषयाला धरून चर्चा चालू राहू द्यावी.

तापीकिनारा | ११ मे, सायंकाळी ५:३०

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल बोरीकाठची क्षमा मागते. माझी थोरली लेक काल घरी आली होती. मी हा धागा तिला वाचून दाखवला तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, जुळ्यांच्या बाळंतपणानंतर तिने सहा वर्षांत माझ्यासमोर साडी नेसलेली नाही. मला ते आठवूनही पाहता येईना. तिचे पोट इतके लोंबते की कातडीच्या घडीत चिघळते. तिने शस्त्रक्रियेबद्दल विचारायला सांगितले आहे.

भुसावळचे_ऊन | ११ मे, रात्री ९:१५

अक्का, तिच्या बाबतीत प्रश्न केवळ रेघांचा नाही. ॲब्डोमिनोप्लास्टी नावाच्या शस्त्रक्रियेत बेंबीखालची जादा त्वचा कापून काढतात आणि सैल झालेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात. त्या त्वचेवरच्या रेघा तिच्याबरोबरच जातात, पण बेंबीच्या वरच्या रेघा राहतात, फक्त खाली सरकतात. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाक्यांचा लांब व्रण येतो. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल, रक्तस्राव, रक्ताच्या गाठी, जंतुसंसर्ग हे धोके त्यात असतात. पुढे मूल नको असेल आणि वजन स्थिर असेल तरच ती करतात. केवळ रेघांसाठी मी ती कोणाला सुचवणार नाही, पण घडीत चिघळत असेल तर प्लास्टिक सर्जनना अवश्य दाखवा. विमा कंपन्या सौंदर्योपचारांचा खर्च देत नाहीत आणि आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूटही अशा उपचारांना लागू नसते, म्हणून चिघळण्याची नोंद कागदावर असलेली बरी.

बोरीकाठ | १२ मे, रात्री १०:४०

आखाजी झाली, सूटही संपली आणि मी पैसे भरले नाहीत. आदल्या दिवशी पुन्हा जाऊन डॉक्टरांचे तीन प्रश्न विचारले होते. यंत्राचे नाव "जर्मन मशीन" असे सांगण्यात आले. चालवणार कोण, तर "आमच्या प्रशिक्षित मुली". चाचणीबद्दल विचारल्यावर त्या बाई हसल्या. मी तिथून निघाले आणि थेट झोक्यावर जाऊन बसले.

आता नोंदणी असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. पाटीवर पदवी काय आहे ते पाहायचे असते, हे मला एवढ्या वर्षांत सुचले नव्हते.

बोरीकाठ | २१ डिसेंबर, सायंकाळी ७:२५

इतक्या महिन्यांनी धागा वर आणते आहे, कारण येथे विचारून मध्येच गप्प बसणे बरे नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी मे महिन्यात काहीही केले नाही. प्रसूतीनंतर वर्षभर रेघा आपोआप फिक्या होत राहतात, त्यामुळे आता केलेल्या उपचाराचे श्रेय नेमके कशाला द्यायचे तेही कळणार नाही, असे त्या म्हणाल्या. बाळ अंगावर पीत असल्याने ट्रेटिनॉइन नको. ते मलम ताज्या रेघांवरच अधिक चालते, म्हणून मला चुकल्यासारखे वाटत होते, ते त्यांनी ऐकून घेतले आणि तरीही नकोच म्हणाल्या. खाजेसाठी साधे मॉइश्चरायझर दिले. लेझर असो वा सुया, नंतर त्वचा घामाने चिघळू नये म्हणून आपल्याकडे दिवाळीनंतर सुरुवात करावी, असा त्यांचा शिरस्ता आहे.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी नेमाने केली. दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी नऊ वाजता, पूर्वेच्या खिडकीपाशी उभे राहून, बेंबीखाली शिवणाची टेप धरून फोटो काढायचा. उजेड बदलला की रेघा फसवतात, म्हणून जागा आणि वेळ तीच ठेवायची. नोव्हेंबरपर्यंत एकही पैसा खर्च न होता जांभळा रंग जवळजवळ गेला होता. सर्वांत रुंद रेघ मे महिन्यात टेपवर आठ मिलिमीटर भरत होती, ती नोव्हेंबरात सात भरली.

दिवाळीनंतर डाव्या कुशीवर रुपयाएवढ्या जागी सुयांची चाचणी केली. तीन आठवडे वाट पाहिली, काळे पडले नाही, मग पूर्ण पोटावर पहिली बैठक झाली आणि परवा दुसरी. बैठकीगणिक पैसे देते, एकदम नाही. पुणेकर ताईंनी लिहिलेली मिरची तंतोतंत खरी निघाली. आजच्या घडीला सांगायचे तर पोत थोडा भरून आल्यासारखा वाटतो, पांढरेपण आहे तसेच आहे. आणखी दोन बैठका करून थांबायचे, असे डॉक्टरीणबाईंबरोबर ठरले आहे. तापीकिनारा अक्का, तुमच्या लेकीचे काय झाले?

तापीकिनारा | २१ डिसेंबर, रात्री ८:५०

सर्जननी आधी वजन स्थिर करायला सांगितले आहे, शस्त्रक्रियेचा विचार पुढच्या हिवाळ्यात करू म्हणाले. चिघळणे मलमाने आणि सुती कापडाची घडी ठेवल्याने थांबले आहे. तुझा टेपचा फोटो तिला दाखवला, तर तिनेही परवापासून सुरू केले. फोटो मीच काढते.

गिरणापाट | २१ डिसेंबर, रात्री ११:१५

माझेही सांगून टाकतो. गजकर्ण तीन महिन्यांच्या औषधाने गेले. चिरा आता लालच्या पांढऱ्या झाल्या आहेत. ती नळी मी शिरपूरच्या भाऊंना भेट म्हणून पाठवणार होतो, पण बायकोने आधीच चुलीत टाकली.